निवड कोण करतं? चाळकेवाडीचे सरडे, मोराचा पिसारा आणि आपल्याकडची स्थळं

कातळवेडा (धागालेखक)

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्यांमुळे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. एप्रिल-मेच्या उन्हात, वळीव यायच्या आधी, तिथल्या सड्यावर वीतभर लांबीचा मातकट सरडा उंचशा दगडावर चढून बसतो आणि एकाएकी गळ्याखालची घडी उघडतो. आत गडद निळा, काळा आणि नारिंगी रंग. गळ्याचा पंखा उघडत-मिटत तो मान वर-खाली करतो, दगडावरून उतरतो, दुसऱ्यावर चढतो, पुन्हा तेच. हा नर. मादीच्या गळ्याला हे रंग नसतात, ती मातीत मिसळून जाते. २०१६ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव मिळालं, सराडा सुपर्बा. त्याच शोधनिबंधात तिच्या भाऊबंदांतल्या एका जातीला डार्विनचं नाव दिलं गेलं, सराडा डार्विनी.

ते नाव मला फार योग्य वाटतं, कारण या प्रश्नाने डार्विनला बरीच वर्षं छळलं होतं. जगायला उपयोगी तेच टिकतं असं म्हटलं, तर उघड्या पठारावर शिकारी पक्ष्याला लांबून दिसेल असा रंग गळ्यात कशाला बाळगायचा? १८६० मध्ये एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात डार्विन म्हणतो की मोराच्या शेपटीतलं पीस पाहिलं की मला मळमळतं. १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवर त्याचं पुस्तक आलं, त्याचा मोठा भाग या उत्तराने भरलेला आहे. उत्तर दोन पदरी होतं. एक, नर आपसात झुंजतात, म्हणून शिंगं, सुळे, आडदांड अंग. दोन, मादी बघते, तुलना करते आणि निवडते, म्हणून रंग, गाणी, नाच.

पहिला पदर लोकांनी लगेच मान्य केला. दुसरा केला नाही. उत्क्रांतीच्या कल्पनेत डार्विनचा बरोबरीचा वाटेकरी असलेला वॉलेससुद्धा मादीच्या पसंतीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. १९३० मध्ये रोनाल्ड फिशरने गणिताच्या अंगाने ही कल्पना पुढे नेली, तरी ती जवळजवळ शंभर वर्षं अडगळीत राहिली. मला ही विज्ञानाच्या इतिहासातली फार मोठी चूक वाटते. पुरावा शोधायला कुणी गेलंच नाही, कारण मादीला मत असू शकतं हेच पटत नव्हतं.

पुरावा मिळाला तो इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही समजावा. केनियाच्या गवताळ रानात विडोबर्ड नावाचा पक्षी आहे. नर काळा, शेपूट जवळजवळ अर्धा मीटर. माल्टे अँडरसन या स्वीडिश संशोधकाने काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या आणि ते तुकडे दुसऱ्या नरांच्या शेपटीला चिकटवून त्या लांब केल्या. काहींच्या शेपट्या कापून परत तेवढ्याच जोडल्या, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचा परिणाम वेगळा कळावा. मग कुणाच्या हद्दीत माद्या नवी घरटी करतात ते मोजलं. लांब केलेल्या शेपटीवाल्यांकडे सगळ्यात जास्त घरटी झाली. हे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं, डार्विनच्या पुस्तकानंतर १११ वर्षांनी.

आता परत चाळकेवाडी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पठाराचा पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली, ती २०१८ मध्ये छापून आली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी. त्यामुळे सरडे जास्त. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी, माणूस जवळ गेला तरी ते उशिरा पळतात. इथवर वाचून वाटेल की सरड्यांची चंगळ झाली. पण गर्दीमुळे ते अंगाने हलके भरले आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके निघाले. पक्षी गेले आकाशातून आणि रंग उतरला सरड्याच्या गळ्यावरचा! मादीपुढे निवडायला काय उरतं, हे त्या पठारावर अन्न किती, गर्दी किती, शत्रू किती यावर ठरतं. या धाग्यावर मला हेच बोलायचं आहे.

आणखी एक. हे विज्ञान हाताशी धरून 'मुलींना पैसेवालाच हवा असतो, निसर्गच तसा आहे' असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला सारखे भेटतात. मला ते साफ चुकीचं वाटतं. पण आधी तुम्ही काय पाहिलं आहे ते लिहा.

---

वऱ्हाडकर

फार चांगला विषय काढला दादा. आमच्या अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. कोंबडीपेक्षा लहान पक्षी, नर काळा-पांढरा, डोक्यामागे पिसांचे तुरे. गवत कमरेइतकं वाढलं की नर एका जागी उभा राहून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात गुडुप होतो. दिवसभर हेच चालतं. गवतात मादी कुठे असते ते आपल्याला दिसत नाही, पण तिला तो दिसावा म्हणूनच ही सगळी धडपड. आमच्याकडची फासेपारधी मंडळी ज्या नजरेने तणमोर हेरतात ती दुर्बिणीलाही साधत नाही, आणि त्यांच्यातलेच काहीजण आता या पक्ष्याची राखण करतात.

तुमच्या मुद्द्याला धरून सांगतो. माळ नांगरले, सोयाबीन आलं, उरलेल्या गवतात ऐन विणीच्या दिवसांत गुरं शिरली. आता एका माळावर एखादाच नर उडताना दिसतो. मग मादी निवडणार कुणातून? जो आहे तो. सोलापूरकडे नान्नजला माळढोकाचं तेच झालं. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा, तो आवाज लांबवर जायचा. आता ऐकायलाच कुणी नाही. एखादी जात संपते तेव्हा शेवटचा पक्षी मरायच्या कितीतरी आधी तिच्यातली निवड संपलेली असते, असं मला वाटतं.

---

शंकेखोर

माळढोकाचं वाचून वाईट वाटलं. पण मूळ मुद्द्यावर एक शंका. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे लांडोर मोजते असं शाळेपासून ऐकतोय. हे खरंच सिद्ध झालं आहे का? की डार्विनने म्हटलं म्हणून सगळे म्हणतात?

---

कातळवेडा

शंका रास्त आहे आणि या प्रश्नाची गोष्ट लांब आहे.

इंग्लंडमध्ये व्हिप्सनेडच्या प्राणी उद्यानात मोकळे फिरणारे मोर आहेत. तिथे मॅरियन पेट्रीने १९९१ मध्ये दाखवलं की ज्याच्या पिसाऱ्यात डोळे जास्त त्याचं मीलन जास्त. पुढे काही मोरांच्या पिसांवरचे डोळे कापून पाहिले, त्यांची मागणी घटली. १९९४ मध्ये तिने हेही दाखवलं की भरदार पिसारेवाल्यांची पिल्लं चांगली वाढतात आणि जास्त जगतात. प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. मग २००८ मध्ये जपानमधून सात वर्षांच्या निरीक्षणांचा निबंध आला: डोळ्यांची संख्या, पिसाऱ्याची लांबी, कशाचाच मीलनाशी संबंध सापडला नाही. खळबळ उडाली.

त्यानंतर रॉझलिन डाकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी पुन्हा मोजमाप केलं. निसर्गतः मोरामोरांत डोळ्यांच्या संख्येत फार फरक नसतोच. खूप पिसं गळालेला किंवा कापलेला मोर नाकारला जातो, पण बाकीच्यांत संख्येवरून निवड होत नाही. फरक पडतो तो डोळ्यातल्या निळ्या-हिरव्या झळाळीने. २०१३ मधल्या त्यांच्या निबंधात मोरांच्या यशापयशातला जवळजवळ निम्मा फरक या झळाळीने उलगडला. त्याच वर्षी लांडोरींच्या डोक्यावर नजरेचा माग घेणारं यंत्र बसवून केलेला अभ्यास आला. लांडोर मोराकडे बघते तेव्हा पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडे बघते, आणि मोर समोर नाचत असतानाही तिची नजर बराच वेळ आजूबाजूला असते.

म्हणून 'मोजते' हा शब्द सोडून द्यावा. ती निवडते, पण कशावरून ते आपल्या डोळ्यांना जे दिपवतं त्यावरून ठरवता येत नाही.

मग झळाळीच का, याची दोन-तीन उत्तरं आहेत. फिशरचं म्हणणं असं की आवड आणि रंग दोन्ही मुलांत उतरतात आणि एकमेकांना पुढे रेटत राहतात. आमोत्झ झहावी १९७५ मध्ये म्हणाला की हा डोलारा सांभाळून जो जिवंत आहे तो खरोखरच दणकट असणार. हॅमिल्टन आणि झुक यांनी १९८२ मध्ये परजीवींकडे बोट दाखवलं: पोटात जंत असतील तर रंग खुलत नाही. चाळकेवाडीचे हलके, फिके सरडे बघता मला या शेवटच्या दोन उत्तरांजवळचं काहीतरी पटतं, निदान या जातीपुरतं. सगळ्या प्राण्यांना एकच कारण लावायची घाई नको.

---

किहीमची

आमच्या गावाचं नाव या विषयात यायलाच हवं. अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणींचा अभ्यास केला. त्याआधी लोक समजत की नर-मादी मिळून घरटं विणतात आणि जोडीने संसार करतात. सलीम अली रोज बघत बसले आणि त्यांना वेगळंच दिसलं.

विणतो तो नर. घरटं अर्धं झालं, लटकत्या शिरस्त्राणासारखं दिसायला लागलं, की तो थांबतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो. मग माद्यांचा थवा येतो. एकेक मादी अर्धवट घरट्यात शिरते, आतून चोचीने ओढून बघते, बाहेर पडते, पुढच्यात जाते. एखादीला पटलं तर ती तिथेच राहते, आतलं अस्तर लावते आणि नर खालची नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. कुणीच पसंत न केलेली अर्धी घरटी तशीच लटकत राहतात. जून-जुलैत विहिरीवरच्या बाभळीकडे किंवा माडाच्या झावळ्यांकडे बघा, पुरी घरटी आणि सोडून दिलेली अर्धी शेजारी-शेजारी दिसतील.

नंतरच्या भारतीय संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. मादी विणकामापेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. झाड काटेरी आहे का, घरटं उंचावर आहे का, फांदी बारीक आहे का. विणकाम कितीही सुबक असलं तरी साप पोचेल अशा जागी पिल्लं वाचत नाहीत.

---

बांधावरून

सगळं वाचतोय. मला मोर-सरड्यातलं कळत नाही, पण शेवटच्या प्रतिसादावर लिहावंसं वाटलं. मादी जागा बघते म्हणताय. मग आमच्याकडे मुली पुण्यातला फ्लॅट आणि नोकरी बघतात तेही निसर्गाला धरूनच झालं ना?

धाकट्या भावासाठी स्थळं बघतो आहोत. बागायती शेती आहे, मुलगा पदवीधर आहे, व्यसन नाही. शेती ऐकली की पुढचं बोलणंच होत नाही. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमलेल्या मुलांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. टीव्हीवर बघून लोक हसले. आमच्या घरात कुणी हसलं नाही.

---

अनघा_आर

बांधावरून दादा, मीही हसले नव्हते. त्या मोर्चातली एक मागणी लोकांच्या लक्षातच आली नाही: गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा. ती मुलं दुखण्याच्या मुळावर बोट ठेवत होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्या वयोगटातली मुलं आता कुठे लग्नाच्या वयाकडे येताहेत. प्राण्यांतही नर-मादीचं प्रमाण बिघडलं की कोण कुणासाठी झगडणार ते बदलतं. इथे ते प्रमाण आपण स्वतः बिघडवलं आहे, सोनोग्राफीच्या खोलीत.

आता निसर्गाबद्दल. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ३७ संस्कृतींमधल्या सुमारे दहा हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. बायका कमाईला जास्त वजन देतात, पुरुष रूपाला आणि तरुण वयाला, हे त्यातलं वाक्य सगळीकडे फिरतं. त्याच पाहणीतलं दुसरं वाक्य कुणी सांगत नाही: स्त्री-पुरुष दोघांनीही प्रेमळ, समजूतदार स्वभाव आणि बुद्धी यांना कमाई आणि रूप यांच्या वर ठेवलं होतं. पुढे अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. जिथे बायकांना शिक्षण, कमाई आणि सत्तेत जास्त वाटा आहे, तिथे कमाईबाबतचा हा स्त्री-पुरुषांमधला फरक कमी होतो. चाळकेवाडीच्या सरड्यांसारखंच, परिस्थिती बदलली की जे दिसतं तेही बदलतं.

आणि खरं सांगू का, मुलगी फ्लॅट 'बघते' त्यात तिला फरशी हवी असते असं नाही. सात-बाऱ्यावर तिचं नाव लागणार नाही, पहाटेच्या धारा तिच्याकडे, लाइट रात्री येणार म्हणून नवरा रात्री पंपावर, आणि भाव पडला की घरातलं सोनं आधी तिचं जाणार. आईला हे करताना तिने पाहिलेलं असतं. सुगरणीची मादी फांदी तपासते त्याला आपण शहाणपण म्हणतो आणि आपल्या मुलीने तपासलं की लोभ म्हणतो. हे मला मान्य नाही.

---

शंकेखोर

अनघाताई, पटलं. पण मुळात आपल्याकडे मुलगी निवडते का? माझ्या पाहण्यात तर आई-वडील आणि मामा निवडतात.

---

अनघा_आर

तोच तर कळीचा प्रश्न. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं की नवरा कुणी निवडला. फक्त स्वतः निवडला असं सांगणाऱ्या सुमारे ५ टक्के. आंतरजातीय लग्नंही साधारण तेवढीच. त्यामुळे आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिराती वाचून 'मुलींना काय हवं' असा निष्कर्ष काढणं म्हणजे लांडोरीच्या बापाला विचारून तिची आवड ठरवणं.

कोलकात्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बंगाली वर्तमानपत्रातल्या अशा जाहिराती आणि त्यांना आलेली पत्रं अभ्यासली. त्यांच्या एका हिशेबात, जातीबाहेर जायला लागू नये म्हणून मुलीकडची मंडळी एम.ए. झालेला मुलगा सोडून अजिबात न शिकलेला मुलगा पत्करतील, इतकं जातीचं वजन निघालं. ही आवड कुठल्या पिसाऱ्यातून आलेली नाही.

---

कातळवेडा

चर्चा हवी तिथे आली. 'निसर्गच तसा' म्हणणाऱ्यांसाठी दोन पक्षी पुढे ठेवतो, दोन्ही आपल्या तळ्यांवरचे.

रंगीत पाणलावा: मादी गडद तांबूस आणि ठसठशीत, नर फिका. मादी साद घालते, अंडी देते आणि दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे. कमळपक्षी: मादी अंगाने मोठी, हद्दीसाठी दुसऱ्या माद्यांशी भांडते, तिच्या हद्दीत अनेक नर असतात आणि प्रत्येकजण आपापल्या घरट्यावर बसतो. धोका दिसला की पिल्लांना पंखाखाली उचलून नेतो तो बाप.

रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७२ मध्ये याचं सूत्र मांडलं. पिल्लांवर जो जास्त खर्च करतो तो चोखंदळ होतो, जो कमी करतो तो मिरवतो. नर की मादी हा प्रश्न त्यानंतर येतो. माणसात तर दोघंही मुलांसाठी वर्षानुवर्षं राबतात, म्हणून दोघंही चोखंदळ असतात.

---

वऱ्हाडकर

यात बेडूक राहिले. कोयनेजवळ हुंबरळीला मुंबई रातबेडकावर अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. नर मादीला मिठी मारत नाही, नुसता तिच्या पाठीवर बसतो आणि हात मात्र पानावर, फांदीवर किंवा खोडावर टेकवतो. अशी पद्धत तोवर कुठल्याच बेडकात नोंदलेली नव्हती. आणि त्यांच्यात मादीही आवाज देते, जे बेडकांत दुर्मीळ आहे.

---

बांधावरून

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, बरं वाटलं. अनघाताई, सात-बाऱ्याचं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

जातीचं मात्र सोपं नाही. अट मुलीकडच्यांची असते तशी आमच्या घरचीही आहे. भावाला ती आहे का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. पण उद्या आम्ही ती काढली आणि बाहेरची मुलगी आणली, तर मागे चुलत बहिणी आहेत, त्यांची स्थळं मागे फिरतील असं काका म्हणतात. ते खोटं नाही, गावात असं झालेलं आहे.

---

अनघा_आर

काकांची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. फक्त कोलकात्याच्या त्या अभ्यासातलं एक राहिलं होतं ते सांगते. त्यांना असं दिसलं की तिथे जात पाळायची किंमत फार पडत नव्हती, कारण प्रत्येक जातीत साधारण सारख्या शिक्षणाची, सारख्या ऐपतीची मुलं-मुली पुरेशी होती. जातीत राहूनही जोडी जमत होती, म्हणून अट टिकत होती.

तुमच्या तालुक्यात तसं नाही. जातीतल्या मुली आधीच कमी जन्मल्या, शिकलेल्या शहरात गेल्या, आणि उरलेल्यांसाठी तितकीच घरं रांगेत आहेत. तिथे त्याच अटीची किंमत वाढते, आणि ती भरणारा तुमचा भाऊ आहे. म्हणून त्याला एकट्याला बसवून विचारा. आणि पुढचं स्थळ आलं की मुलीला आणि त्याला मोठ्यांशिवाय तासभर बोलू द्या. पोह्यांच्या बशीपुढे दोघांनाही काही विचारता येत नाही.